घरच्या माळ्यावरचें काडतूस

दिवाळीच्या आधीं माळा झाडून काढण्याचा आमच्या घरीं जुना परिपाठ आहे. धामणगाव बढे हें बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यांतलें गांव. तेथील आमचें घर मोठें आणि त्यांत राहणारीं माणसें आतां थोडीं. परंतु सणाला पुण्यामुंबईची व परदेशची मंडळी जमली, म्हणजे तेंच घर अपुरें वाटूं लागतें. गेल्या दिवाळीला असाच मेळा भरला असतां मुलांनीं माळ्यावरून एक तांब्याचा डबा खालीं आणला. त्यांत चार जुन्या किल्ल्या, भोकाचे पैसे, एक मोडका अडकित्ता आणि बोटभर लांबीची एक पितळी वस्तु निघाली. कोणी म्हणालें, ही अत्तराची कुपी. कोणी म्हणालें, काजळाची डबी. तिचें झांकण कांहीं केल्या उघडेना, तेव्हां आमच्या एका नातवानें ती जात्यावर आडवी ठेवली आणि हातीं बत्ता घेतला.

इतक्यांत अमेरिकेहून आलेला आमचा पुतण्या अंगणांतून धांवत आला. त्यानें आधीं मुलाचा हात धरला, मग ती वस्तु उचलली, आणि तिचें टोंक कोणाच्याही रोखानें राहणार नाहीं अशा बेतानें ती मागच्या खोलींतल्या कोनाड्यांत ठेवून खोलीला कडी घातली. "काका, हें जिवंत काडतूस आहे," एवढेंच तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

काडतुसाच्या बुडावर 'के. एफ.' अशीं इंग्रजी अक्षरें होतीं. के. एफ. म्हणजे किरकी फॅक्टरी. किरकी म्हणजे आपल्या पुण्याजवळची खडकी. आमचे एक चुलते दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत लष्करी हिशेबखात्यांत कारकून होते. त्यांच्याच सामानांतून तें घरांत आलें असावें. म्हणजे दोन पिढ्या आमच्या डोक्यावर हा जिन्नस निजून होता आणि खालीं मंगलकार्यें होत होतीं! त्या निमित्तानें पुढें तीन संध्याकाळ ओसरीवर जें बोलणें झालें, तें वाचकांच्याही उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा. आमच्याकडे निघालें तें काडतूस ज्या रायफलीचें, तिला शिपाई लोक 'थ्री नॉट थ्री' म्हणतात. नळीचा व्यास एक इंचाचे हजार भाग केले तर त्यांतले ३०३ भाग, म्हणून हें नांव. ही जात इंग्रजांनीं १८८८ च्या सुमारास प्रथम काळ्या दारूवर काढली आणि थोड्याच वर्षांत तींत बिनधुराची कॉर्डाइट दारू घातली. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यांत हिच्याच गोळीचें टोंक उघडें ठेवून ती अंगांत शिरल्यावर फुलेल असा प्रकार निघाला. १८९९ सालच्या हेगच्या परिषदेनें तसल्या गोळ्यांस युद्धांत बंदी केली. १९१० सालीं अणकुचीदार गोळी आली, आणि तीच पुढें दोन्ही महायुद्धांत चालली. तिचें वजन १७४ ग्रेन. जुना तोळा बरोबर १८० ग्रेनांचा. म्हणजे ही गोळी तोळ्याला सुमारें तीन गुंजा कमी. एवढीशी ती वस्तु, पण नळींतून सुटतांना सेकंदाला सुमारें २,४४० फूट जाते.

रायफली बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यांत होत. स्वातंत्र्यानंतरही त्या तेथें बनत राहिल्या, आणि १९६२ च्या चिनी युद्धानंतर त्याच घाटाची, पण नव्या ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसाची रायफल तेथें निघाली. पोलिसांच्या हातीं मात्र जुनी थ्री नॉट थ्री फार काळ टिकली. २००८ च्या नोव्हेंबरांत मुंबईच्या छत्रपति शिवाजी टर्मिनसवर हल्ला झाला, तेव्हां तेथील शिपायांजवळ हीच होती. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनीं तर २६ जानेवारी २०२० च्या संचलनांत तिला निरोप दिला.

हें सर्व आपल्यापासून फार दूरचें आहे असेंही नाहीं. मलकापुराहून भुसावळकडे आगगाडीनें जातांना बोदवडनंतर वरणगावचें स्टेशन लागतें. तेथें १९६४ सालीं रायफलींच्या काडतुसांचा सरकारी कारखाना निघाला. त्याच सुमारास भंडाऱ्याजवळ त्यांत भरावयाच्या दारूचा कारखाना उभा राहिला. २०२१ सालीं सरकारनें या कारखान्यांच्या कंपन्या केल्या. खडकी, वरणगाव आणि भंडारा हीं तिन्ही ठिकाणें तेव्हांपासून पुण्यास मुख्य कचेरी असलेल्या म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे आहेत.

आतां आमच्या पुतण्याविषयीं. त्याला हें ज्ञान कोठून आलें, हा प्रश्न घरांत सर्वांस पडला. तेव्हां त्यानें जरा ओशाळून सांगितलें कीं, अमेरिकेंत त्याच्याजवळ कायदेशीररीत्या विकत घेतलेली एक जुनी लष्करी रायफल आहे. तिच्यावर ईशापूरचा शिक्का आहे, म्हणूनच ती घेण्याचा मोह झाला. आणि निशाणावर मारण्यासाठीं तिचीं काडतुसें तो स्वतःच्या हातानें भरतो. हें ऐकून आमच्या भगिनी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अरे, संध्येच्या पळीपंचपात्राच्या घरांत वाढलास, आणि हें कसलें वेड घेतलेंस?" त्यावर तो म्हणाला, "आत्या, तुझ्या स्वयंपाकघरांतलें सोवळें मला खरें समजलें तें त्या कामानेंच."

त्याचें म्हणणें नीट कळण्यास काडतुसाची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. काडतुसाचे चार भाग. पितळेची पुंगळी, तिच्या बुडांत बसविलेली टोपी, आंतली दारू आणि तोंडाशीं बसविलेली गोळी. चाप ओढला म्हणजे खिळा टोपीवर आपटतो, टोपींतला मसाला पेटतो, त्याची ठिणगी दारूला लागते. दारूचा वायु होतो, तो गोळीला पुढें ढकलतो आणि त्याच क्षणीं पुंगळीला चहूंकडून फुगवून नळीच्या भिंतीशीं दाबून धरतो, म्हणून आग मागें नेमबाजाच्या तोंडावर येत नाहीं. सुमारें सत्तर भाग तांबें व तीस भाग जस्त असलेलें पितळ फुगून पुन्हां थोडें आकसतें, त्यामुळें पुंगळी सहज बाहेर निघते. गोळी गेली, दारू जळली, टोपी फुटली. पण चारांतली सर्वांत महाग वस्तु, ती पुंगळी, शाबूत राहते. तिलाच पुन्हां नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी देणें, हेंच हातानें काडतूस भरणें होय.

आपल्याकडील ठासणीच्या बंदुकींत दर वेळचा बार हातानेंच भरलेला असतो. दारू, चिंधी, छर्रे, गजाचे ठोके आणि शेवटीं टोपी, हें आमच्या पिढीनें शेताच्या राखणीला पाहिलें आहे. अजिंठ्याच्या डोंगरालगतच्या या पट्ट्यांत रोही आणि रानडुकरें उभें पीक लोळवितात, हें दुःख जुनेंच आहे. पिकाच्या राखणीसाठीं ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची सोय १९५९ च्या शस्त्रकायद्यांतही ठेवलेली आहे. जनावर मारण्यास मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्याची वेगळी परवानगी लागते.

परंतु ठासणीच्या बंदुकींत जी चूक खपून जाते, ती रायफलींत खपत नाहीं. आपण 'फुसका बार' हा शब्द थट्टेनें वापरतों. रायफलींत फुसका बार निघाला, म्हणजे दारू घालण्याचें राहून गेलें आणि नुसत्या टोपीच्या जोरानें गोळी निघाली, तर ती नळींत मध्येंच अडकते. नेमबाजाच्या हें लक्षांत आलें नाहीं आणि त्यानें मागून दुसरी झाडली, कीं नळी फाटते. उलट चुकून दोन मापें दारू पडली, तर दाब इतका वाढतो कीं, रायफल हातांतच फुटूं शकते. दाणेदार दारू थोडी कमीअधिक पडली तरी सारखीच दिसते, म्हणून डोळ्यांवर विसंबतां येत नाहीं. पुतण्याचा काटा ग्रेनाचा दहावा भाग दाखवितो; म्हणजे गुंजेचा एकोणिसावा हिस्सा. सोनाराचा काटाही याच्यापुढें सैल म्हणावा लागेल.

जुन्या लष्करी रायफलीच्या खोडीही वेगळ्या. चिखलांत माखलेलें काडतूसही आंत बसावें म्हणून थ्री नॉट थ्रीचें घर मुद्दाम ऐसपैस ठेवलेलें असे. लढाईंत तें सोयीचें. कारण पुंगळी एकदांच वापरून टाकावयाची. पण तीच पुंगळी पुन्हां पुन्हां भरणाराच्या दृष्टीनें तें घातक, कारण दर बाराला ती बुडाजवळ ताणली जाते आणि आंतून झिजते. म्हणून तो प्रत्येक पुंगळी बारीक तारेच्या आंकड्यानें आंतून चांचपतो. तार कोठें खांचेंत अडकली, कीं ती पुंगळी मोडींत. शिवाय तो सबंध पुंगळी दाबून लहान करीत नाहीं. जेवढ्या मानेंत गोळी धरली जाते तेवढीच मान आवळतो, म्हणजे पितळेला ताण कमी पडतो.

"मग खडकीच्या पुंगळ्या तुला तेथें मिळत असतील," आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "मिळतात, काका, पण भरतां येत नाहींत." त्याचें कारण मौजेचें आहे. टोप्यांच्या दोन तऱ्हा. एक बॉक्सर या इंग्रजाची, दुसरी बर्डन या अमेरिकनाची; दोन्ही १८६६ च्या. बॉक्सरच्या तऱ्हेंत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोंक असतें, त्यांतून सुई घालून जुनी टोपी ढकलतां येते. बर्डनच्या तऱ्हेंत मध्यभागीं पितळेचाच उंचवटा आणि बाजूला दोन बारीक भोंकें, त्यामुळें टोपी काढणें जिकिरीचें. दैवगति अशी कीं, इंग्रजांच्या लष्करानें अमेरिकनाची तऱ्हा उचलली आणि अमेरिकनांनीं इंग्रजाची! खडकीचीं काडतुसें बर्डनचीं. शिवाय जुन्या टोप्यांच्या मसाल्यांतून नळींत एक प्रकारचें मीठ उरतें. तें हवेंतलें पाणी ओढतें आणि नळी गंजवितें. म्हणून जुने शिपाई बार झाडल्यावर नळींत कढत पाणी ओतीत. कॉर्डाइट तर शेवयांसारख्या काड्यांची दारू. तिची जुडी आंत घालून मग पुंगळीची मान आवळीत. आमच्या माळ्यावरचें तें झांकण मुलाला कां उघडेना, हें यावरून कळेल. तें उघडण्यासाठीं केलेलेंच नव्हतें.

सोवळ्याची गोष्ट अशी. तो काडतुसें भरावयास बसला, कीं मेजावर एकाच जातीची दारू ठेवतो. दुसरा डबा खोलींतच आणीत नाहीं. तंबाखू नाहीं, दिव्याची ज्योत नाहीं, बोलणें नाहीं. भरलेल्या पुंगळ्या डाव्या हाताला, रिकाम्या उजव्या हाताला, आणि गोळी बसविण्यापूर्वीं सगळ्या पुंगळ्यांत उजेड पाडून एकदां पाहणें. प्रत्येक खेपेची नोंद वहींत. एके रात्रीं पन्नास भरीत असतां टेलिफोन वाजला. तो उठला, दोन मिनिटें बोलून परत बसला आणि काम पुरें केलें. निजावयास गेल्यावर त्याच्या मनांत आलें कीं, उठण्यापूर्वीं हातांत होती ती पुंगळी भरली होती कीं नाहीं? बहुतेक एकदांच भरली होती. पण 'बहुतेक' या शब्दावर त्याला झोंप येईना. तो पुन्हां उठला आणि पन्नासच्या पन्नास काडतुसें उलगडून मोकळीं केलीं. पहांट झाली. पन्नासांत एकही चूक निघाली नाहीं. "मग रात्र फुकट गेली म्हणावयाची," आम्ही म्हणालों. तो म्हणाला, "नाहीं, काका. चूक नाहीं हें मला त्या वेळेपर्यंत माहीत नव्हतें." यावर आमच्या भगिनी कांहीं बोलल्या नाहींत, पण त्यांच्या मुद्रेवरचा राग ओसरला.

वाचकांपैकीं तरुणांस या वर्णनानें उत्साह येण्याचा संभव आहे, म्हणून स्पष्ट सांगणें अवश्य आहे. अमेरिकेंत स्वतःच्या उपयोगापुरतीं काडतुसें भरण्यास मध्यवर्ती सरकारचा परवाना लागत नाहीं. विकावयाचीं झाल्यास लागतो. आपल्याकडे १९५९ च्या कायद्यानें काडतूस बनविण्यास तर परवाना लागतोच, पण नुसतें जवळ बाळगण्यासही लागतो. थ्री नॉट थ्री हा लष्करी व्यासाचा माल, तो तर सामान्य गृहस्थास मिळतच नाहीं. पुतण्या येथें आला म्हणजे त्या छंदाचें नांव काढीत नाहीं, तें याचसाठीं.

कायद्याहूनही मोठी गोष्ट जिवाची आहे. जुना दारूगोळा म्हणजे मेलेला दारूगोळा, ही समजूत घातक आहे. आपल्याच विदर्भांत, वर्धा जिल्ह्यांतील पुलगावजवळ २० नोव्हेंबर २०१८ रोजीं मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करीत असतां स्फोट होऊन ६ माणसें दगावलीं. तेथें तर काम जाणणारे लोक हजर होते. जात्यावर ठेवलेलें काडतूस फुटलें असतें, तर नळीच्या आधारावांचून पितळेच्या चिंध्या चहूंकडे उडाल्या असत्या. आणि त्याच्या सर्वांत जवळ आमच्या नातवाचे डोळे होते.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं पोलिस ठाण्यांत वर्दी दिली. मंडळी घरीं आली, पंचनामा झाला आणि तें काडतूस गेलें. चुलत्यांची आठवण म्हणून तें ठेवावें असें घरांत एकदोघांस वाटत होतें. पण त्यांचें हस्ताक्षर असलेली हिशेबाची वही आहे, ती आठवणीला पुरे. ज्यांच्या घरचें कोणी पूर्वीं लष्करांत, पोलिसांत अथवा शिकारीच्या नादांत होतें, त्यांनीं या वर्षीं माळा झाडतांना डबे मुलांच्या हातीं देऊं नयेत. असली वस्तु निघाल्यास ती ठोकूं नये, तापवूं नये, घासून लखलखीत करूं नये, आणि खिशांत घालून स्वतः नेऊंही नये. ती जेथें आहे तेथेंच ठेवून मुलांस दूर करावें आणि ठाण्याला कळवावें. एका सकाळचा खोळंबा होईल. तो आनंदानें सोसावा.