गाठ अख्खी हवी

नाशिकमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये दुपारी सुईच्या तपासणीचे पेशंट येतात. दिंडोरीहून आलेल्या कॉलेजच्या मुलाची मान डॉक्टरबाई आधी बोटांनी चाचपतात. दुखतं का? किती आठवडे झाले? ताप, रात्री घाम, वजन उतरलं? घसा किंवा दाढ बिघडून आलेली गाठ हुळहुळी असते आणि बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरू लागते. महिना उलटूनही वाढणारी, न दुखणारी, रबरी लागणारी गाठ बाईंना खटकते. गळ्याच्या हाडावरची तर हमखास.

“सुई लावली की गाठ पसरते म्हणतात.” मुलाची आई कुजबुजते.

“तसं काही नसतं, ताई.” एवढं बोलेपर्यंत बारीक सुई आत फिरून बाहेरही आलेली असते.

पिवळसर, घट्ट स्राव आला की क्षयाची शंका बळावते. आपल्याकडे मानेतल्या रेंगाळणाऱ्या गाठींमागे क्षय नेहमीचाच. स्राव सीबीनॅट चाचणीला जातो; जंतू सापडला तर तो रिफॅम्पिसिनला दाद देईल का, हेही काही तासांत कळतं.

पण सुईत सुट्या पेशी येतात, त्यांची मांडणी येत नाही. मूठभर मणी पाहून द्राक्षबागेच्या ओळी कळत नाहीत. म्हणून लिम्फोमाची, म्हणजे लसीकाग्रंथींच्या कर्करोगाची शंका आली की बाई अख्खी गाठ मागतात. ती फॉर्मेलिनमधून येते, मेणात बसते आणि तिचे ३-४ मायक्रॉनचे काप निघतात. संसर्गाने चेतलेल्या गाठीत फॉलिकल्स, म्हणजे पेशींचे गोल पुंजके, लहानमोठी असतात, त्यांत मेलेल्या पेशी गिळणाऱ्या मोठ्या पेशी दिसतात, मूळ रचना टिकलेली असते. फॉलिक्युलर लिम्फोमात फॉलिकल्स एकसारखी आणि खेटून. गिळणाऱ्या पेशी क्वचितच.

लिम्फोमांत हॉजकिन सर्वांत फसवा. गाठीत गर्दी साध्या दाहाच्या पेशींची, कर्करोगाच्या पेशी मोजक्याच. १८९८ मध्ये कार्ल स्टर्नबर्ग यांनी त्याला क्षयाचाच एक प्रकार मानलं होतं. १९०२ मध्ये डोरोथी रीड यांनी तो आजार वेगळा असल्याचं दाखवलं. आज सीडी-१५ आणि सीडी-३० या खुणा रंगवून त्या पेशी हुडकतात.

क्षयात दिसणारा ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहाच्या पेशींचा घट्ट पुंजका, हॉजकिनच्या गाठीतही असू शकतो, त्यामुळे केवळ तो दिसला म्हणून क्षयावर शिक्का मारायला बाई तयार नसतात. अंदाजाने दिलेली स्टेरॉइडं त्यांना त्याहून नकोशी: लिम्फोमाची गाठ तात्पुरती बसते आणि कापात वाचण्याजोगं फार उरत नाही. जंतू न सापडलेल्या ग्रॅन्युलोमाच्या रिपोर्टखाली त्या म्हणूनच एक ओळ जोडतात: उपचारांनी गाठ उतरली नाही, तर बायोप्सी पुन्हा करावी.