दुखण्याशी संसार

ताप उतरतो, मोडलेले हाड जुळते. संधिवात मात्र एकदा घरात शिरला की घरचाच होऊन राहतो. मधुमेह, दमा यांचेही तसेच. अशा व्याधीबरोबर वर्षानुवर्षे राहताना औषधाइतकाच प्रश्न मनाचा असतो.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी संधिवाताच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केले. आठवड्यातून दोन तास, सहा आठवडे. शिकवणारे बहुधा डॉक्टर नव्हेत. स्वतः संधिवात सोसणारी साधी माणसे. अनेकांच्या वेदना कमी झाल्या. परंतु अधिक व्यायाम करणाऱ्यालाच अधिक आराम, असा हिशेब काही जुळेना. आराम पडला तो मुख्यतः ‘या दुखण्यापुढे आपलेही काही चालते’ असे वाटू लागलेल्यांना. त्याच विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये या विश्वासाची मांडणी केली होती. नुसत्या उपदेशाने तो फारसा येत नाही. स्वतः पार पाडलेल्या लहानशा कामातून आणि आपल्यासारख्याच दुसऱ्याला ते करताना पाहून येतो.

म्हणून त्या वर्गांत ‘रोज फिरायला जाईन’ एवढे म्हणून भागत नसे. किती, केव्हा, आठवड्यातून किती दिवस, हे ठरवायचे आणि मग स्वतःला विचारायचे: जमेल याची खात्री दहापैकी किती? उत्तर सातच्या खाली आले तर संकल्प लहान करायचा. फाटकापर्यंत आणि परत, आठवड्यातून तीन दिवस, एवढेही पुरे. तत्त्वार्थसूत्रातही त्याग आणि तप यथाशक्तीच सांगितले आहेत; मग इन्सुलिन घेणाऱ्या भगिनीने पर्युषणात उपवास घडत नाही म्हणून स्वतःला दोषी का मानावे?

नैराश्याची गोष्ट मात्र निराळी. मधुमेहींमध्ये ते इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते, तरीही पुष्कळदा नजरेतून सुटते. कारण थकवा, झोपमोड, अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे दोहोंचीही असतात. घरची मंडळी प्रेमाने म्हणतात, ‘मन घट्ट कर.’ आधीच खचलेल्या माणसाला हे वाक्य फार जड जाते. आजाराच्या जोडीला दुबळेपणाचा आरोपही त्याच्या माथी येतो. नैराश्य हा स्वतंत्र आजार आहे व त्यावर उपचार आहेत. उदासी किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवडे जवळजवळ रोज टिकले, तर साखरेच्या आकड्याइतक्याच मोकळेपणाने ते डॉक्टरांना सांगावे. जीव नकोसा झाल्याचे शब्द तोंडून निघाले, तर दोन आठवडेही थांबू नये. १४४१६ या शासनाच्या ‘टेली-मानस’ क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतही बोलता येते.