द्रवभिंगे (लेखांक ५) : जागा न सोडता झूम

दूरचे व जवळचे दोन्ही स्पष्ट दिसावे म्हणून निसर्गाने डोळ्यांसाठी दोन भिन्न रीती योजल्या आहेत : बहुतेक मासे आपले वाटोळे, घट्ट भिंग पुढेमागे सरकवतात, आणि मनुष्य भिंग जागच्या जागी ठेवून त्याची वक्रता तेवढी कमीअधिक करतो, ही दुसरी शक्ती वयोमानाप्रमाणे भिंग ताठर होत गेल्याने क्षीण होते आणि मग आपल्या नाकावर ‘चाळिशी’ येते. कॅमेऱ्याच्या कारागिरांनी प्रारंभापासून माशाची रीत पत्करली, कारण काच सरकवता येते, वाकवता येत नाही. झूम भिंगात तर हे सरकवणे दुहेरी होऊन बसते. एक भिंगगट प्रतिमा लहानमोठी करतो, पण तसे करताना ती प्रतिमा नियोजित पातळीवरून ढळते, म्हणून तिला पूर्वस्थळी आणण्यासाठी दुसरा गट सरकवण्याची तजवीज करावी लागते. आणि दोघांच्या चालीत तसूभरही अंतर पडू नये म्हणून नळकांड्यावर वक्र खाचा मोठ्या कसोशीने कोराव्या लागतात.

मागील लेखांकात आपण पाहिले की लिपमान यांनी १८७५ साली वर्णन केलेल्या विद्युत्-केशाकर्षणाला ब्रूनो बेर्ज यांनी १९९३ साली पातळ विद्युत्-रोधक थराची जोड दिली, आणि त्यातून पाणी व तेल यांच्या सीमापृष्ठाची वक्रता केवळ विद्युद्दाबाने बदलण्याचा मार्ग मोकळा झाला. हा मार्ग झूमसाठी कसा उपयोगी पडतो, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल.

दोन द्रवभिंगे परस्परांपासून ३० मिलिमीटरवर पक्की बसवली आहेत आणि ती पातळ आहेत, असे धरू. पहिले बहिर्गोल, नाभीय अंतर ६० मिलिमीटर. दुसरे अंतर्गोल, नाभीय अंतर उणे ३०. दोहोंची बेरीज ३०, म्हणजे भिंगांमधल्या अंतराइतकीच, भरत असल्यामुळे समांतर आलेले किरण समांतरच बाहेर पडतात आणि दृश्य दुप्पट मोठे दिसते. ही गॅलिलीओच्या दुर्बिणीचीच रचना होय. आता विद्युद्दाब बदलून दोघांच्या भूमिकांची अदलाबदल केली, तर बेरीज तीच राहते, परंतु दृश्य निम्मे होते, जणू कोणी दुर्बीण उलटी धरावी. दोन्ही पृष्ठे सपाट केली की दृश्य आहे तसे. अशा रीतीने दुपटीपासून निमपटीपर्यंत, म्हणजे चौपट झूमचा पल्ला, एकही भिंग न हलवता गाठता येतो. मागे एक स्थिर काचभिंग ठेवले की प्रतिमा उमटवण्याची व्यवस्था पुरी झाली. मला स्वतःला ही रचना अतिशय सुंदर वाटते.

तथापि तिची किंमत मोजावी लागते. वरील उदाहरणात प्रत्येक भिंगाला, चष्म्याच्या भाषेत बोलायचे तर, अधिक १६.७ पासून उणे ३३.३ पर्यंत, म्हणजे ५० नंबरांचा प्रवास करावा लागतो. त्यात पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आणि तेलाचा सुमारे १.५०, हा फरक काच व हवा यांच्यातील फरकाच्या जेमतेम तिसरा हिस्सा असल्याने वक्रता तितक्याच पटीने वाढवावी लागते, आणि ३० मिलिमीटर नाभीय अंतरासाठी पृष्ठाची त्रिज्या ५ मिलिमीटरवर येऊन ठेपते. इतके वाकलेले पृष्ठ कडेचे किरण नीट एकत्र आणत नाही. शिवाय रंगदोष आहेच. काचेच्या बाबतीत रचनाकाराला शेकडो प्रकारांतून जोडी निवडता येते. द्रवांची जोडी मात्र परस्परांत न मिसळणारी, समान घनतेची, पारदर्शक, थंडीत न गोठणारी, आणि त्यातही एक विद्युत्-वाहक व एक रोधक, अशी हवी. एवढ्या अटी पाळूनही एका वक्रतेला साधलेली रंगदुरुस्ती दुसऱ्या वक्रतेला पुरी पडत नाही. म्हणून जाणता रचनाकार किरण वळवण्याचा कायमचा भार काचेवर सोपवतो आणि फेरफारापुरते काम द्रवाकडे देतो. सगळाच अंमल द्रवाच्या हाती देणे मला अविचाराचे वाटते.

प्रकाशयोजनेतला हिशेब निराळा आहे. संग्रहालयातील मूर्तीवर टाकायचा झोत अरुंद वा रुंद करताना प्रतिमा उमटवायची नसते, त्यामुळे वरचे पुष्कळसे दोष तेथे माफ होतात. पण दिव्याच्या उगमाची रुंदी आणि किरणांचा फैलाव यांपैकी एक आटवले की दुसरे वाढते, हा प्रकाशाचा अलंघ्य नियम असल्याने अरुंद आणि तरीही प्रखर झोतासाठी भिंगाचे तोंड मोठे लागते, आणि काही मिलिमीटरांचे थेंब तेथे निरुपयोगी ठरतात. येथे लवचीक पारदर्शक पडद्यामागे तेल भरून कडेच्या कड्याने दाब देण्याची पद्धत सोयीची पडते. भिंग उभे धरले असता तेलाच्या वजनाने पडद्याचा खालचा भाग अधिक फुगतो; छायाचित्रात हा दोष चित्र बिघडवील, भिंतीवरच्या प्रकाशात तो सहसा नजरेस येत नाही.

दिव्याच्या उष्णतेचा प्रश्न मात्र टळत नाही. तापलेले तेल प्रसरण पावून पडदा अधिक फुगवते, तेणेकरून भिंगाची शक्ती वाढते. त्याच वेळी तेलाचा अपवर्तनांक घटतो आणि शक्ती कमी होऊ पाहते. हे दोन परिणाम एकमेकांना कितपत छेद देतात, हे तेल भरलेल्या पात्राच्या घडणीवर अवलंबून आहे. ती घडण पुढील लेखांकात पाहू.