चिप की फर्मवेअर? कन्सोलच्या मॉडबद्दलचे गैरसमज

पहिल्या प्लेस्टेशनच्या सीडीची खालची बाजू काळी असायची. घरी बर्न केलेली सीडी त्यात चालत नाही ती या काळ्या रंगामुळेच, असं आजही कित्येक जण छातीठोकपणे सांगतात. रंगाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. सीडी वाचणाऱ्या लेझरचा प्रकाश अवरक्त असतो आणि त्याला तो काळा थर पारदर्शकच वाटतो. खरी खूण सीडीच्या आतल्या कडेला, गेमचा डेटा सुरू होण्याआधी होती. तिथला ट्रॅक कारखान्यात मुद्दाम सूक्ष्म हेलकावे देऊन छापत आणि त्या हेलकाव्यांत चार अक्षरं दडवलेली असत. अमेरिकेसाठी एससीईए, युरोपसाठी एससीईई, जपानसाठी एससीईआय. घरच्या रायटरला डेटा लिहिता येतो, ट्रॅकचा आकार बदलता येत नाही. म्हणून कॉपी अडकायची.

त्या काळची मॉडचिप म्हणजे आठ पायांचा एक साधा मायक्रोकंट्रोलर. मोजक्या तारांनी तो बोर्डाला जोडायचा. कन्सोल खूण शोधू लागला की चिप तीच चार अक्षरं परस्पर पुरवायची. तिचं काम एवढंच. ती गेमची नक्कल करत नसे, कन्सोलचा वेग वाढवत नसे. शिवाय अस्सलपणाची खूण आणि प्रदेशाची खूण एकच असल्यामुळे, अमेरिकेत रीतसर विकत घेतलेली सीडी युरोपातल्या कन्सोलवर चालवायलाही हीच चिप लागायची. ‘चिप म्हणजे पायरसी’ हे समीकरण तेव्हापासूनच अपुरं आहे.

दुसरा समज असा की चिप हा पक्का उपाय आणि फर्मवेअर हॅक हा तात्पुरता जुगाड. चिप बसवली की सॉफ्टवेअरची भानगड उरत नाही. याचं उत्तर एक्सबॉक्स ३६० मध्ये सापडतं, आणि ते नीट समजून घेण्याजोगं आहे. आपल्याकडे जुन्या ३६० ला सरसकट ‘जेटॅग केलेला’ म्हणतात. प्रत्यक्षात जेटॅग नावाची पळवाट २००९ मध्येच मायक्रोसॉफ्टने अपडेटने बुजवली. ते अपडेट ज्यात गेलं, त्यावर ती चालतच नाही. ‘जेटॅग’ म्हणून विकले जाणारे बरेचसे कन्सोल खरं तर आरजीएच, म्हणजे २०११ साली उघड झालेल्या रीसेट ग्लिच पद्धतीचे असतात.

चिप वापरणारी ही पद्धत विलक्षण आहे. कन्सोल सुरू होताना पुढच्या टप्प्याचा कोड अस्सल आहे का, हे तपासायला दोन हॅशची तुलना करतो. चिप आधी प्रोसेसरला संथ करते आणि नेमक्या त्या तुलनेच्या क्षणी रीसेटच्या तारेवर एक झटका देते, सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास टिकणारा. एवढ्या झटक्याने प्रोसेसर पुरता रीसेट होत नाही, गडबडतो फक्त. आणि तुलनेचं उत्तर ‘जुळलं’ असं येतं. दर वेळी जमेलच असं नाही. म्हणूनच असा कन्सोल कधी लगेच सुरू होतो, कधी चिप पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहते आणि पडदा बराच वेळ काळा दिसतो. तो बिघाड नसतो.

पण दार उघडल्यावर आत जायला बदललेली सिस्टीम लागतेच. ती कन्सोलच्या नँड मेमरीत लिहावी लागते, आणि त्यासाठी त्या एकाच कन्सोलची स्वतंत्र सीपीयू की मिळवावी लागते. म्हणजे ‘चिपवाला’ आणि ‘सॉफ्टवेअरवाला’ असे दोन वेगळे कन्सोल इथे नाहीतच. चिपचं काम सुरुवातीच्या काही क्षणांचं, बाकी सगळा कारभार सॉफ्टवेअरचा.

त्याच ३६० चा आणखी एक प्रकार बाजारात होता आणि त्यानेही पुष्कळ घोटाळा केला. त्यात डीव्हीडी ड्राइव्हचं फर्मवेअर बदललेलं असायचं. कन्सोल विचारायचा, ‘डिस्क अस्सल आहे का?’ ड्राइव्ह म्हणायचा, ‘आहे.’ कन्सोलच्या मुख्य सिस्टीमला यात हातही लागत नसे, त्यामुळे कॉपी डिस्क चालली तरी स्वतः लिहिलेला एखादा प्रोग्रॅम त्यावर चालवता येत नसे. याला फर्मवेअर हॅक म्हणायला हरकत नाही, फक्त ते फर्मवेअर ड्राइव्हचं.

‘फर्मवेअर हॅक काय, कंपनी एका अपडेटमध्ये बंद करते’ हेही अर्धंच खरं. निन्टेन्डो वी बघा. २००८ मध्ये झेल्डा मालिकेतल्या ट्वायलाइट प्रिन्सेस या गेमच्या सेव्ह फाइलमध्ये घोड्याचं नाव मर्यादेपेक्षा लांब घातलं. गेम ते नाव वाचायला गेला की मेमरी ओसंडायची आणि बाहेरचा कोड चालू व्हायचा. ही चूक सॉफ्टवेअरमधली होती, म्हणून अपडेटने ती वाट अडवता आली. निन्टेन्डोच्याच स्विचचं तसं झालं नाही. एप्रिल २०१८ मध्ये जाहीर झालेली फ्युझे जेले ही चूक टेग्रा एक्स१ प्रोसेसरच्या बूट रॉममध्ये, म्हणजे सिलिकॉनमध्येच कोरलेल्या कोडमध्ये होती. उजव्या जॉय-कॉनच्या खाचेतली एक पिन ग्राउंडला टेकवायची, कन्सोल रिकव्हरीत न्यायचा आणि यूएसबीवरून कोड पाठवायचा. चिप नाही, सोल्डरिंग नाही. तरीही विकल्या गेलेल्या कन्सोलवर कुठल्याही अपडेटने हे दार बंद करता येत नाही.

निन्टेन्डोने कारखान्यातच दुरुस्ती केली, आणि मग चिप परत आली. स्विच लाइट आणि ओलेडवर प्रोसेसरचा वीजदाब क्षणभर पाडून तपासणी चुकवणाऱ्या चिपा निघाल्या. २०२३ पासून हेच काम आरपी२०४० नावाच्या अगदी स्वस्त मायक्रोकंट्रोलरवरही होऊ लागलं. मला या सगळ्या इतिहासात एकच सूत्र दिसतं. चूक सापडली तर सॉफ्टवेअर पुरतं. ती सापडत नसेल तर चूक घडवून आणावी लागते, आणि त्यासाठी आजची चिप. ३६० बाजारात आला २००५ मध्ये. चिपशिवाय चालणारा, निव्वळ सॉफ्टवेअरचा हॅक शेवटच्या अपडेटवरही शक्य झाला तो २०२५ मध्ये. तोही टिकाऊ नाही, कन्सोल बंद केला की पुन्हा करावा लागतो.

सुरक्षित काय, हे मात्र पद्धतीच्या नावावरून ठरत नाही. प्लेस्टेशन २ चं फ्री मॅकबूट मेमरी कार्डात राहतं. कार्ड काढलं की कन्सोल जसाच्या तसा. नँडमध्ये लिहिणारा हॅक अर्धवट राहिला तर कन्सोल सुरूच होत नाही, आणि मूळ नँडची प्रत आधी काढून ठेवली नसेल तर काम फार अवघड होतं. ओलेड स्विचवर तारा जोडायच्या त्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या कपॅसिटरवर. तिथला पॅड एकदा उखडला की मामला बोर्ड दुरुस्तीचा. भिंग आणि बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न नसलेल्या माणसाच्या हाती तो बोर्ड देऊ नये, असं मी कळकळीने सांगेन. आणि ‘चिप ऑनलाइन दिसत नाही’ यावर तर मुळीच विसंबू नका. नोव्हेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने बदल केलेले कन्सोल मोठ्या संख्येने एक्सबॉक्स लाइव्ह या ऑनलाइन सेवेबाहेर काढले. निन्टेन्डोची बंदी त्या कन्सोललाच लागते; मालक बदलला तरी ती उठत नाही.

कायद्याबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात: सगळंच गुन्हा, किंवा आपल्या वस्तूचं आपण काहीही करू. देशोदेशी चित्र वेगळं आहे. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये प्लेस्टेशनची मॉडचिप विकणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. पुढे तिथला कायदा बदलला. अमेरिकेत मात्र स्विचच्या चिपा विकणाऱ्या टीम एक्झिक्युटरशी संबंधित गॅरी बाउझरला २०२२ मध्ये ४० महिन्यांची शिक्षा झाली. भारतात कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. संरक्षण तोडणं त्यात गुन्हा आहे ते हक्कभंगाच्या हेतूने केलं तर, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद व दंड. हेतूचा हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. लेझर थकलेल्या प्लेस्टेशन २ वर स्वतःच्याच डिस्कमधला गेम हार्ड डिस्कवरून चालवणं आणि शेकडो गेम भरून कन्सोल विकणं, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. दुसरी उघड चोरी आहे, गेम बनवणाऱ्यांच्या मेहनतीची.

जुना कन्सोल घ्यायचा असेल तर विक्रेत्याला ‘चिप आहे का’ एवढंच विचारून भागत नाही. मॉडेल कोणतं, सिस्टीमची आवृत्ती कोणती, मूळ नँडची प्रत देणार का, ३६० असेल तर सीपीयू की लिहून देणार का, आणि ऑनलाइन बंदी लागलेली आहे का, हे विचारा. त्याच्यासमोर कन्सोल पूर्ण बंद करून निदान पाच-सहा वेळा सुरू करून बघा.