वर्गीय विषमता आणि क्रांती : शिरूर-भीमथडीतील १८७५ चा शेतकरी उठाव

प्रस्तावना :
विषमता हे क्रांतीचे मूळ होय, असे अरिस्टॉटलने प्रतिपादन केले. मार्क्सने वर्गसंघर्षास इतिहासाची चालक शक्ती मानले. तथापि केवळ विषमतेतून क्रांती घडते काय, हा प्रश्न उरतो. पुणे जिल्ह्यातील १८७५ च्या उठावाच्या, म्हणजेच 'दख्खनच्या दंग्यां'च्या आधारे त्याची चर्चा प्रस्तुत लेखात केली आहे.

पार्श्वभूमी :
सावकार व कुणबी यांच्यातील विषमता ब्रिटिशपूर्व काळातही होती. परंतु सावकारावर गावाचा धाक असे. दिवाणी न्यायालयांमुळे तो ओसरला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानंतर थकलेले व्याज मुद्दलात मिळवून दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेण्याची रीत वाढली. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाचे भाव चढले व कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, फेरजमाबंदीने सारा वाढला आणि सावकारांनी हात आखडता घेतला.

उठावाचे स्वरूप :
डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे येथे एका सावकाराने हुकूमनाम्याच्या बळावर देशमुखांची मालमत्ता ताब्यात घेतली. तेव्हा गावाने परप्रांतीय सावकारांवर बहिष्कार टाकला. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी उठावाला तोंड फुटले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आजच्या दौंडचा परिसरही त्याच तालुक्यात मोडत असे. जमावाने कर्जरोखे व खातेवह्या हिसकावून जाळल्या. व्यक्तींवरील हिंसा मात्र अल्प होती.

विश्लेषण :
येथे दोन बाबी लक्षणीय आहेत. पहिली, लोकांचा रोष केवळ संपत्तीवर नव्हता, तर विषमतेला कायद्याचे बळ देणाऱ्या कागदावर होता. दुसरी, उठावात वर्गीय जाणीव अपूर्ण होती. स्थानिक सावकारांपेक्षा मारवाडी व गुजर सावकार अधिक लक्ष्य झाले, आणि सारा वाढविणाऱ्या शासनसत्तेला थेट आव्हान दिले गेले नाही.

निष्कर्ष :
चौकशी आयोगानंतर १८७९ मध्ये डेक्कन शेतकरी साहाय्य कायदा झाला. रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. सत्तासंबंध मात्र कायम राहिले. सारांश, विषमता असह्य होते ती तिच्यावरील जुनी बंधने तुटल्यावर. तिच्यातून उठाव होतो. परंतु त्या विषमतेला आधार देणारी सत्ताच बदलण्याचा विचार नसेल, तर उठावाची क्रांती होत नाही.