‘ऐकत नाही’ म्हणजे ऐकू येतं का?



“मॅडम, पोरगं ऐकतच नाही. शाळेतून रोज तक्रार.” तिसरीतल्या मुलाला घेऊन आलेल्या आईचं हे बोलणं मी शब्दशः घेतलं आणि आधी त्याचे कान पाहिले. डावा वाहत होता. दोन वर्षांपासून. घरी गरम तेल घालणं चालू. वर्गाच्या गोंगाटात बाईंचं बोलणं त्याच्यापर्यंत अर्धंच पोचायचं. मागून कुणी हात लावला की दचकायचा आणि मारायचा. वहीत शेरा होता ‘उद्धट’. वर आईला ऐकवलेलं, “या वस्तीतली पोरं अशीच.”

प्रत्येक मारकुट्या मुलाचा कान दुखत नसतो, मान्य. कुणाला फळा दिसत नाही, कुणाच्या अंगात रक्त कमी, कुणी अर्धपोटी येतं. मधेच काही सेकंद टक लावून थांबणारं मूल ‘लक्ष नाही’ म्हणून मार खातं, तो फिटचाही प्रकार असू शकतो. आणि घरात रोज दारू, मारहाण बघणारं मूल शाळेत तेच करतं. हे मात्र आपल्यालाच बघावं लागेल, बायांनो.

म्हणून आठ दिवस लिहून ठेवा: भांडण कधी झालं, त्याआधी काय घडलं, नंतर काय झालं. तो कागद डॉक्टरांना दाखवा, बाईंनाही. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ठरलेली आहे. ती कधी होणार, हे शाळेत विचारा. कानात तेल घालू नका.

“दाखला घेऊन जा” म्हणाले तर घाबरू नका. शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. मारणं, मानसिक त्रास देणं यालाही बंदी आहे. महापालिकेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला. तिथे बसा. बाईंशी भांडायला नको, त्यांच्यापुढे वर्गभर मुलं असतात.

आम्ही बाईंकडे दोनच गोष्टी मागितल्या. पुढच्या बाकावर डाव्या भिंतीलगत जागा, म्हणजे चांगला उजवा कान त्यांच्याकडे राहील. आणि एका वेळी एकच सूचना. बाई लगेच हो म्हणाल्या. त्यांना कानाचं कुणी सांगितलंच नव्हतं.

औषधाने कान सुकला. पडद्याला भोक आहे, त्यासाठी कानाच्या डॉक्टरांकडे फेऱ्या चालू आहेत. मारामारी अजून होते, पण रोज नाही. परवा त्याच्या वहीत पहिल्यांदा ‘छान’ लिहून आलं, तर आई तो शेरा दाखवायला विहारात घेऊन आली.