बुरशीला अडवणारे अंगातले राखणदार



जून २०२० मध्ये आपल्या लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि साऱ्या देशात त्याची चर्चा झाली. तपासणीअंती कारण निघाले ते खारट पाण्यात वाढणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्मजीवांचे. ते काही बुरशीचे नव्हते. पण न दिसणारे जीव आपल्या अवतीभवती किती असतात, हे त्यावरून कळले.

बुरशीचेही तसेच आहे. पावसात भिजलेली सोयाबीनची सुडी मळताना काळसर धुरळा उडतो. त्यात बुरशीचे असंख्य बीजाणू, म्हणजे बुरशीचे बी असते. कुटारात, उकिरड्यावर, शिळ्या भाकरीवर ते असतेच. श्वासाबरोबर आपण ते रोज आत घेतो. मग आपण रोज आजारी का पडत नाही?

कारण निसर्गाने आपल्याला जन्मापासूनच राखणदार दिले आहेत.

पहिले कुंपण कातडीचे. धडधाकट कातडीतून बुरशी सहसा आत शिरत नाही. नाकातले केस आणि चिकट शेंबूड बीजाणूंना अडकवतात. शिवाय आपल्या अंगाची ऊब बहुतेक बुरश्यांना सोसत नाही. त्यांना गारवा आणि ओल हवी.

यातूनही काही बीजाणू फुप्फुसात पोचतात. तेथे मोठ्या भक्षक पेशी ठाण मांडून बसलेल्या असतात. त्या बीजाणू गिळून टाकतात. काही बीजाणू मात्र टणक सालीत दडून राहतात आणि ओळखू येत नाहीत. पण रुजायला लागले की बी फुगते, साल फाटते आणि आतला पदार्थ उघडा पडतो. तो पदार्थ माणसाच्या शरीरात नसतोच. त्यामुळे राखणदारांना तत्काळ चोर ओळखू येतो. मग हाक जाते आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींची फौज धावून येते. पाणी शुद्ध करायला आपण ब्लीचिंग पावडर टाकतो, तशाच जातीचे जहाल रसायन या पेशी तयार करतात व बुरशी मारतात. बुरशीचा तंतू गिळण्यापलीकडे लांब असेल, तर त्यावर जाळे फेकतात.

ही व्यवस्था फार जुनी आहे. पिकलेल्या केळ्यावर घोंगावणारी बारीक माशी तुम्ही पाहिली असेल. फ्रान्समधील शास्त्रज्ञ ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेने १९९६ मध्ये दाखवून दिले की, या माशीतला एक ठरावीक जनुक निकामी असला, तर बुरशी तिला पार वेढून टाकते आणि ती मरते. त्यातून माणसातल्याही राखणदारांचा शोध पुढे सरकला. हॉफमन यांना २०११ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आपल्या हरभऱ्याच्या रोपालाही बुरशी ओळखण्याची अशीच उपजत शक्ती असते. ती कमी पडली, की मर लागते.

राखणदार झोपला तर?

२०२१ चा उन्हाळा आठवा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात काळ्या बुरशीने, म्हणजे म्युकरमायकोसिसने थैमान घातले. अनेकांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले, कित्येक जण दगावले. त्या बुरशीचे बी हवेत आणि मातीत पूर्वीपासूनच होते. पण रक्तातली साखर फार वाढली, की पांढऱ्या पेशी सुस्त होतात. कोरोनासाठी दिलेल्या स्टिरॉइडने त्या आणखी दबतात आणि साखरही चढते. कुंपण मोडले आणि गुरे पिकात शिरली, असे ते झाले. हा आजार एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही, हेही लक्षात ठेवा.

माणसाला बुरशीच्या आजारांपासून वाचवणारी, सर्रास वापरात असलेली लस आजही नाही. तेव्हा या राखणदारांना जपणे हाच आपला मोठा आधार.

एवढे कराच

- मधुमेह असल्यास साखर वेळोवेळी तपासा. बरे वाटते म्हणून गोळी बंद करू नका.
- मळणी करताना, कुटार भरताना, उकिरडा उपसताना नाका-तोंडाला मास्क किंवा जाड रुमाल बांधा.
- गजकर्ण, नायटा झाला तर दुकानातून कोणतेही मलम आणू नका. पुष्कळ मलमांत स्टिरॉइड असते. खाज थांबते, पण राखणदार दबतो आणि आत बुरशी पसरते.
- डोळ्यात कुसळ वा काडी लागली तर चोळू नका. मनाने थेंबही टाकू नका. त्या जखमेतून बुरशी बुबुळात शिरू शकते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा.
- मधुमेही माणसाच्या चेहऱ्याची एक बाजू सुजली, गाल बधिर झाला, नाकातून काळसर स्राव आला, दात हलू लागले किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर तासाचाही उशीर न करता मोठ्या रुग्णालयात न्या.

पेरणीपूर्वी बियाण्याला बुरशीनाशक लावायला आपण विसरत नाही. पीक बुडाले तर पुढच्या हंगामी पुन्हा पेरता येते. गेलेला डोळा परत येत नाही. घरात कोणाला मधुमेह असेल, तर त्यांची साखर या आठवड्यातच तपासून घ्या.